गराजमधला बाक

यंदा मार्चमध्ये आम्ही गराज आवरायला काढलं. पिस्कॅटवेच्या या घरात आम्हाला चाळीस वर्षं झाली. आता जिने झेपत नाहीत, ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलवत नाही, आणि ह्यांच्या डोळ्यांकडे बघून डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली. तेव्हा घर लहान करायचं ठरलं. आमची शेवटची ग्रँड कॅरॅव्हॅन त्याच आठवड्यात एक तरुण जोडपं घेऊन गेलं. ह्यांनी किल्ली दिली, कागदांवर सही केली आणि आत येऊन टीव्ही लावला. मीही काही बोलले नाही.

गराजमधून काय काय निघालं म्हणून सांगू! दोन कूलर, एक हिरवी दोन बर्नरची कोलमन शेगडी, झाकण हरवलेला राइस कुकर आणि सगळ्यात मागे, सुतळीने बांधलेल्या ‘टाइम’च्या गठ्ठ्यांखाली, मरून रंगाचा एक लांबलचक बाक. मुलगी मदतीला आली होती. तिने धूळ झटकली आणि म्हणाली, “आई, हा आपल्या पहिल्या कॅरॅव्हॅनचा मधला बाक ना?”

तोच तो. जास्त सामान असलं की आम्ही तो काढून ठेवत असू. गाडी विकली तेव्हा परत बसवायचा राहूनच गेला आणि घेणाऱ्यालाही तो नको होता. मग कितीतरी वर्षं पार्टीच्या वेळी पुरुषमंडळी त्याच्यावर बसून राजकारण करायची. मुलगी त्यावर टेकली, मीही टेकले, आणि त्या दिवशीची आवराआवर तिथेच थांबली.

नव्या मंडळींना थोडं मागचं सांगायला हवं. मी लग्न होऊन १९७९ साली इथे आले. हे त्याआधी रटगर्सला शिकायला आले होते. तेव्हाचं पिस्कॅटवे म्हणजे युनिव्हर्सिटी, बेल लॅब्जसारख्या कंपन्यांच्या इमारती, २८७ नंबरचा हायवे, खाली रॅरिटन नदी आणि मध्ये मध्ये शेतं. गार्डन अपार्टमेंटमध्ये आमच्यासारखी मराठी बिऱ्हाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आज ओक ट्री रोडवर पाच मिनिटांत मिळते ती कढीलिंबाची काडी तेव्हा न्यूयॉर्कहून आणावी लागे. कोणी लेक्सिंग्टन अव्हेन्यूला किंवा जॅक्सन हाइट्सला निघालं, की चार घरांच्या याद्या त्याच्या खिशात जात. सुट्टीच्या प्रवासाची सुरुवात खरी तिथूनच झाली. आधी डाळतांदळासाठी एकत्र गेलो, मग देवासाठी. फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ १९७७ सालचं आणि पिट्सबर्गचं बालाजीचं १९७६ सालचं. ब्रिजवॉटरचा बालाजी व्हायला अजून खूप अवकाश होता, म्हणून पिट्सबर्गला साडेतीनशे मैल जायचं. आणि इतकं गेलोच आहोत, तर वाटेत गुहा, धबधबा, काहीतरी बघून यायचं.

आम्ही चार कुटुंबं होतो. साताऱ्याचे भाऊ-वहिनी, नाशिकचे डॉक्टर, आमच्यावरच्या मजल्यावरचं इंदूरचं जोडपं आणि आम्ही. नातं कुणाचं कुणाशी नाही. पण बाळंतपणात डबा कुणी आणायचा, तार आली तर पोरं कुणाकडे सोडायची, हे कधी विचारावं लागलं नाही.

सुरुवातीला जुन्या, लांबुडक्या स्टेशन वॅगन होत्या. पहिल्यांदाच न्यू जर्सी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलो तेव्हाची गंमत अजून आठवते. आपल्या राज्यात १९४९ पासून गिऱ्हाइकाने स्वतः गॅस भरायला बंदी. आम्हाला वाटलं, साऱ्या अमेरिकेत तसंच असेल. पंपाशी गाडी लावून हे काच खाली करून वाट बघत बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. “अहो, हॉर्न वाजवा,” मी म्हटलं. शेवटी मागच्या ट्रकवाल्याने येऊन काचेवर टकटक केलं आणि नळी कशी धरायची ते दाखवलं. भाऊ पुढे कित्येक वर्षं ह्यांना विचारायचे, “काय हो, भरायला माणूस आला का?”

मग कॅरॅव्हॅन आली. १९८० च्या सुमाराला क्रायस्लर कंपनी बुडायला आली होती. सरकारने कर्जाला हमी दिली, आयाकोकासाहेबांनी १९८३ साली ते कर्ज मुदतीआधी फेडलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विंडसरच्या कारखान्यातून ही मिनीव्हॅन बाहेर पडली. विंडसर म्हणजे डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडे, तेव्हा खरं तर ही कॅनडाची लेक. डॉजची कॅरॅव्हॅन आणि प्लिमथची व्हॉयेजर या दोघी जुळ्या बहिणी. सात माणसं बसतील, तरी साध्या घराच्या गराजमध्ये मावेल, अशी तिची बांधणी. तळ सपाट आणि पायरी बुटकी, त्यामुळे नऊवारीतली बाईसुद्धा कुणाचा हात न धरता चढू शके. सरकतं दार मात्र एकाच बाजूला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार १९९६ च्या मॉडेलपासून आलं. आधीच्या गाड्यांत सगळी पोरं एकाच दारातून चढायची आणि खिडकीवरून रोज भांडणं व्हायची.

आम्ही १९८७ साली घेतली, बाजूला लाकडी पट्ट्याचं चित्र असलेली. वर्षभरात भाऊंनीही घेतली आणि डॉक्टरांनी व्हॉयेजर. इंदूरकरांनी शेवटपर्यंत स्टेशन वॅगन सोडली नाही. अशा चार गाड्यांचा आमचा तांडा.

तांड्याचे नियम होते. पुढे भाऊ, सगळ्यात मागे आम्ही, कारण हे हळू चालवतात. निघताना गल्लीच्या तोंडाशी चारी गाड्या एकामागे एक उभ्या राहायच्या. ज्याचं सामान, माणसं, पासपोर्ट, सगळं तयार, त्याने धोक्याचे दिवे लुकलुकवायचे. चारी गाड्यांचे दिवे लागले, की भाऊ एकदा हॉर्न द्यायचे आणि निघायचं. वाटेत हेडलाइट दोनदा चमकवले तर पोराला शू लागली आहे, तीनदा चमकवले तर काहीतरी गंभीर. जो चुकेल त्याने पुढच्या एक्झिटला उतरून पहिल्या गॅस स्टेशनवर थांबायचं आणि तिथून हलायचं नाही. मोबाइल नव्हते, पण सोळा वर्षांत आम्ही कुणाला हरवलं नाही.

रस्ता दाखवायला ट्रिपल-एचं ट्रिपटिक असे. ऑफिसात जाऊन ‘इथून इथे जायचंय’ म्हटलं, की ती मंडळी लांबट पानांची, तारेत बांधलेली एक वही करून द्यायची. एकेका पानावर रस्त्याचा एकेक तुकडा, त्यावर मार्करने ओढलेली रेघ. पान उलटायचं काम बायकांचं. वेग म्हणाल तर ताशी ५५ मैल. तेलाच्या टंचाईत १९७४ साली ती मर्यादा आली, आणि आमच्या भागात ती नव्वदीच्या मध्यापर्यंत टिकली. नायगारा चारशे मैल. थांबत थांबत, पोरांना मोकळं करत, सकाळी पाचला निघालो तरी पोचायला संध्याकाळ व्हायची.

खाण्याची वाटणी ठरलेली. पहिल्या दिवशी माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या दिवसापासून मोटेलच्या खोलीत राइस कुकर, मेतकूट आणि लोणचं. एकदा मला हौस आली आणि मी विजेच्या शेगडीवर लसणीची फोडणी केली. धुराची घंटा अशी काही वाजली, की सगळं मोटेल रात्रीच्या कपड्यांत पार्किंगमध्ये! तेव्हापासून मला फोडणीची बंदी झाली.

हे सगळं हसून सांगण्यासारखं आहे. पण सगळंच तसं नव्हतं. खोली चार जणांची घ्यायची आणि झोपायची आठ. ऑफिसच्या खिडकीपुढून जाताना पोरांना सीटखाली आडवं व्हायला लावायचो. पोरांना तो खेळ वाटायचा, पण मोठं झाल्यावर माझ्या मुलाने एकदा विचारलं, “आई, आपण तेव्हा चोरी करत होतो का?” मी “पैसे नव्हते रे” म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. पैसे होते, पण ते घराच्या डाउन पेमेंटसाठी, नणंदेच्या लग्नासाठी आणि दर तीन वर्षांनी भारतात जायच्या तिकिटांसाठी होते. आमच्यासाठी म्हणून पैसे काढायची सवय नव्हती.

आता बाकावर बसून मुलीने जे सांगितलं, त्याकडे येते.

सासूबाई वाईहून १९८८ च्या उन्हाळ्यात आल्या. सासरे म्हणाले, “घर कोण बघणार?” आणि राहिले. त्याच्या आदल्या वर्षी जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने आपल्या लोकांना धमक्या दिल्या होत्या. बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरूनच त्यांनी ते नाव घेतलं होतं. मारहाणी झाल्या, सप्टेंबरमध्ये होबोकनला आपल्यातल्या एका तरुणाचा त्यात जीव गेला. जर्सी सिटी आमच्यापासून तीस मैलांवर. पिस्कॅटवेत कुणी काही केलं नाही, पण मी त्या शरद ऋतूत ऑफिसला जाताना टिकली लावायची सोडली. तशी मीच नव्हते. आमच्यातल्या दोघीतिघींनी सोडली, आणि त्याबद्दल एकमेकींशी कधी बोललो नाही.

सासूबाईंचं कुंकू चांगलं रुपयाएवढं. नायगाराला निघायच्या आदल्या रात्री मी भीत भीत म्हटलं, “आई, रस्त्यात अनोळखी गावं लागतात. दोन दिवस थोडं लहान लावलं तर?” त्या कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “तू मला आणखी काहीही सांग. हे सांगू नकोस.” मी परत विषय काढला नाही. भाऊंच्या कानावर मात्र घातलं. तर निघताना त्यांनी क्रम बदलला. पहिल्यांदाच आम्ही शेवटी नव्हतो. आमची गाडी मध्ये, पुढे दोन आणि मागे एक. कारण विचारलं नाही, सांगितलं नाही.

८० नंबरचा रस्ता धरून डेलावेअर वॉटर गॅप ओलांडलं, पुढे स्क्रँटन, बिंगहॅम्टन. मग रूट १७, ज्याला आता बऱ्याच भागात आय-८६ म्हणतात. कॉर्निंगला काचेचं म्युझियम बघितलं. फुंकून काच फुगवणारा माणूस बघून सासूबाई म्हणाल्या, “आमचा कासार असा फुंकत नाही, पण हात असाच चालतो.”

नायगाराला त्यांच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नव्हता, म्हणून आपल्याच बाजूला राहिलो. ‘मेड ऑफ द मिस्ट’ या बोटीत नऊवारीवर रेनकोट चढवून त्या पुढच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. चिंब भिजल्या, पण आत यायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी गोट आयलंडवरून पुढे थ्री सिस्टर्स नावाची छोटी बेटं आहेत तिथे गेलो. धबधब्याच्या वर, नदी अजून कोसळायची असते ती जागा. तिथे कडेचं पाणी अगदी हाताशी येतं. सासूबाईंनी पिशवीतून करंडा काढला. नदीला हळदकुंकू वाहिलं, पाच बदाम आणि खणाचा एक तुकडा काठावरच्या दगडावर ठेवला, आणि वाईच्या घाटावर कृष्णेला करतात तसा वाकून नमस्कार केला. आजूबाजूला गोरी माणसं उभी होती, एकदोघांनी फोटोही काढले.

मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती गायब झाली. मी घाबरून शोधू लागले, तर ती वीसेक पावलांवर एका अमेरिकन कुटुंबाशेजारी, जणू त्यांच्यातलीच एक, अशी उभी. मी तिला ओढून आणलं, रागावले आणि विसरून गेले.

ती विसरली नव्हती. या मार्चमध्ये, चव्वेचाळीसाव्या वर्षी, दोन मुलांची आई झाल्यावर त्या बाकावर बसून म्हणाली, “आई, मी हरवले नव्हते. मी मुद्दाम गेले होते. मला आजीची लाज वाटली. आणि तिने ते पाहिलं होतं. परत येताना याच बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. मी झोपेचं सोंग घेतलं, तर तिने माझं डोकं मांडीवर घेतलं.”

मला आठवलं. रात्री पोरं झोपल्यावर सासूबाईंनी मला एवढंच सांगितलं होतं, “पोरीला बोलू नकोस. मीही लहानपणी आजीबरोबर बाजारात जाताना अंतर ठेवून चालायचे. तिचं लुगडं फाटकं असायचं.” मला तेव्हा वाटलं, त्या गर्दीत हात सोडण्याबद्दल बोलताहेत. त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मला सदतीस वर्षांनी कळलं. मी ते वाक्य मुलीला सांगितलं. ती बराच वेळ रडली. मीही माझ्या टिकलीचं तिला सांगितलं, जे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

सासूबाई १९९१ च्या जानेवारीत गेल्या. तिकीट मिळून वाईला पोचेपर्यंत पाचवा दिवस उजाडला होता. त्यांच्या ट्रंकेत नायगाराचं एक पोस्टकार्ड होतं, न पाठवलेलं, कारण ते त्यांनी स्वतःसाठीच घेतलं होतं.

त्यानंतरही सातआठ वर्षं तांडा निघत राहिला. स्कायलाइन ड्राइव्हची एकशे पाच मैलांची वळणं, बिग मेडोजचा तंबू आणि तंबूत शिरलेलं पाणी, मेनमधल्या कॅडिलॅक माउंटनवर पहाटे थंडीत कुडकुडत पाहिलेला सूर्य, फ्लॉरिडाला जाताना मैलोगणती लागणाऱ्या पेड्रोच्या पाट्या. एकदा मोठी आरव्ही भाड्याने घेतली, पण तिचा मैला काढायच्या नळीशी ह्यांची आणि डॉक्टरांची जी झटापट झाली, त्यानंतर तो प्रयोग कुणी पुन्हा केला नाही.

मग तो केव्हा थांबला, हे नेमकं सांगता येत नाही. भांडण झालं नाही. पोरांच्या एसएटी आल्या, उन्हाळ्यातल्या नोकऱ्या आल्या. डॉक्टर टेक्ससला गेले. पगार वाढले, तशी ‘आपण विमानानेच जाऊ’ म्हणायची सोय झाली. देऊळ दहा मैलांवर आलं, कढीलिंब पाच मिनिटांवर आला. एकमेकांवाचून अडायचं कमी झालं. २०२२ साली अटलांटिक सिटीला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं, तेव्हा पिस्कॅटवेतून आम्ही जुनी घरं आपापल्या गाडीने, आपापल्या फोनचं ऐकत गेलो आणि थेट हॉलमध्ये भेटलो. कुणी चुकलं नाही, आणि कुणी कुणासाठी थांबलंही नाही. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्या ओढाताणीतून तो तांडा जन्मला, ती आमच्या मुलांच्या वाट्याला यावी असं मला मुळीच वाटत नाही.

पण त्या अधिवेशनाला भाऊ नव्हते. ते २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा अंत्यदर्शनालासुद्धा दहाच्या वर माणसं चालत नसत. वहिनी, मुलगा, सून, नातवंडं आणि गुरुजी, एवढ्यातच आकडा संपला. चाळीस वर्षांची आम्ही माणसं, आम्हाला आत जागा नव्हती. आदल्या रात्री हे म्हणाले, “आत नाही, तर मागे तर जाता येईल.”

सकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्या लागल्या. आम्ही, इंदूरकर, टेक्ससहून न येऊ शकलेल्या डॉक्टरांचा इथला मुलगा आणि मागे मंडळातली बरीच मंडळी. काचा बंद, तोंडावर मास्क. कुणी खाली उतरलं नाही. ह्यांनी धोक्याचे दिवे लावले. मागच्या आरशात पाहिलं, तर एकेका गाडीचे दिवे लुकलुकायला लागले होते. सगळ्यांचे लागल्यावर पुढची गाडी हलली. रिव्हर रोडवरून, रॅरिटनच्या कडेने, जॉन्सन पार्कवरून, ताशी वीस मैलांनी आम्ही त्यांच्या मागे गेलो. भाऊ नेहमीसारखे पुढेच होते. स्मशानाच्या पार्किंगमध्ये तासभर गाडीत बसलो. वहिनी बाहेर आल्या, लांबूनच हात जोडले. मी दशम्यांचा डबा त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून मागे सरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडसरला शेवटची ग्रँड कॅरॅव्हॅन तयार झाली, असं ह्यांनी पेपरात वाचून दाखवलं होतं. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

तर असा तो बाक. मुलीला तो न्यायचा होता. जावयांनी माप घेतलं, पण त्यांच्या विजेच्या गाडीत तो बसत नाही. मुलाच्या अपार्टमेंटला बाल्कनीही नाही. नव्या जागेत तर आमच्याच खुर्च्यांची पंचाईत आहे. उन्हाळाभर तो मागच्या मेपलखाली ठेवला होता. संध्याकाळी हे त्यावर बसून असत, आणि गल्लीतून कुठलीही गाडी गेली, की आवाजावरून ती कुठली ते सांगत. नातवंडं त्यांची परीक्षा घ्यायची.

घराचा ताबा जानेवारीत द्यायचा आहे. दिवाळी याच घरात. मंडळातल्या कुणाला हा बाक हवा असेल, तर त्याआधी येऊन घेऊन जावा. मरून रंग थोडा उडालाय, एका कोपऱ्याला पुरीच्या तेलाचा डाग आहे, बाकी मजबूत आहे. उचलायला दोन माणसं लागतात. गाडी मोठी आणा. येताना फोन करा, म्हणजे चहा टाकून ठेवते.